ठाण्यात कॉलेजला नवीन आहात? पहिला दिवस असा फिरा

ॲडमिशनचा सीझन आला की दरवर्षी तोच प्रश्न असतो. ठाण्यात नंबर लागलाय, आम्ही शहापूरचे किंवा मुरबाडचे किंवा पार बाहेरच्या जिल्ह्यातले, एकदा येऊन कॉलेज आणि आजूबाजूचा भाग बघायचाय, तर काय काय बघावं? आणि उत्तरात लोक येऊर, उपवन, मॉल अशी पिकनिकची यादी हातात देतात. ते सगळं नंतर तीन वर्षं आहेच की. पहिल्या दिवशी बघायचं ते वेगळंच असतं, म्हणजे स्टेशनवरून कॉलेजला रोज कसं जायचं, स्वस्तात कुठं खायचं, लेक्चर ऑफ पडलं तर कुठं बसायचं, पाऊस धो धो लागला तर काय. रोजच्या दिवसाची रंगीत तालीम करायची, बस.

खालचं सगळं जोशी-बेडेकर आणि बांदोडकर ही कॉलेजं जिथं आहेत तो खाडीकाठचा कॅम्पस आणि त्याला लागून असलेलं जुनं ठाणं धरून लिहिलंय. तुमचं कॉलेज दुसरं असलं तरी जुनं ठाणं सगळ्यांना लागतंच, त्यामुळे वाचा. गाडी आणू नका, बाईक पण नको, पार्किंगच्या नादात अर्धा दिवस जाईल. सगळं चालत होतं.

आधी वार ठरवा

रविवारी यायचं नाही. आईबाबांना सुट्टी असते म्हणून सगळे रविवारी येतात आणि बंद गेटसमोर सेल्फी काढून घरी जातात. बंद कॉलेज बघून काय कळणार, कॅन्टीन बंद, ऑफिस बंद, नोटीस बोर्डासमोर चिटपाखरू नाही. लेक्चर चालू असलेला साधा वर्किंग डे पकडा. परीक्षा चालू असतील तेव्हाही नको, वॉचमन काका आयडीशिवाय आत सोडत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे. दहीहंडी, गणपती विसर्जन आणि नवरात्रातली संध्याकाळ टाळा, कारण त्या दिवसांत टेंभी नाका, जांभळी नाका हा अख्खा पट्टा माणसांनी भरलेला असतो आणि रस्ते वळवलेले असतात. गर्दीच बघायची असेल तर गोष्ट वेगळी.

सोबत काय घ्यायचं ते थोडक्यात. आधार कार्ड, ॲडमिशनचे कागद आणि त्यांच्या झेरॉक्सचा एक सेट, पासपोर्ट साईज फोटो, पाण्याची बाटली, रिक्षासाठी सुट्टे. जून ते सप्टेंबर असेल तर छत्री आणि ग्रिपवाल्या चपला, नवे पांढरे शूज घरी ठेवा.

ट्रेन, आणि ती पण खऱ्या वेळेची

आता हे कुणाला पटत नाही पण मी सांगणारच. त्या दिवशी निवांत ११ च्या ट्रेननं येऊ नका. तुमचं लेक्चर ज्या वेळेला असणार आहे त्या वेळेची ट्रेन पकडा, मग ती सकाळी सातची असो नाहीतर साडेआठची. कारण बदलापूर, टिटवाळा, आसनगाव साईडहून येणाऱ्याला कॉलेज आवडेल की नाही हे कॉलेजपेक्षा त्या ट्रेनवर जास्त अवलंबून असतं. एकदा ती गर्दी अनुभवली की मग पीजी शोधायचा की अप-डाऊन करायचं हा निर्णय घरात बसून भांडण्यापेक्षा लवकर होतो.

फास्ट लोकल असेल तर डोंबिवली गेली की दरवाज्याकडे सरकायला लागा. पुढच्या माणसाला 'ठाणे उतरणार?' विचारायचं, तो हो म्हणाला तर त्याच्या मागं उभं राहायचं, नाही म्हणाला तर त्याच्या पुढं जायचं, एवढं साधं गणित आहे. ठाणे कुठल्या साईडला येणार तेही आधी विचारून ठेवा. पाठीवरची सॅक पोटाशी घ्या. नवी मुंबईकडून ट्रान्सहार्बरनं येणारे ९-१० नंबरच्या बाजूला उतरतात, आणि पश्चिमेला यायला त्यांना पुलावरून बाकीचे सगळे प्लॅटफॉर्म ओलांडावे लागतात, तेव्हा त्यांनी तेवढी मिनिटं जास्त धरावीत. हा वेळ कुठल्याच मॅपमध्ये नीट दिसत नाही.

बाय द वे, ज्या स्टेशनवर धक्के खात उतरताय तिथंच १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी गाडी आली होती. ३४ किलोमीटरचा प्रवास, १४ डबे, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं आणि आत ४०० पाहुणे. आता सकाळच्या लोकलला तेवढी माणसं एक-दोन डब्यांतच मावतात.

स्टेशन ते कॅम्पस

पश्चिमेला बाहेर पडा. बाहेर आलात की डोक्यावर एक मोठा डेक दिसतो, तो सॅटिस. टीएमटीच्या बस वरून सुटतात आणि रिक्षा खालून, हे एकदा डोक्यात बसलं की पुढं गोंधळ होत नाही. कॅम्पसला जायला खरं तर दोन्हीची गरज नाही. कळव्याच्या दिशेला तोंड करून चेंदणी कोळीवाड्यातून चेंदणी बंदर रोड पकडायचा, रमतगमत गेलात तरी पंधरा-वीस मिनिटं. सकाळी सॅक लटकवलेल्या पोरांचा लोंढा त्याच दिशेला चाललेला असतो, त्यांच्या मागं निघालात तरी पोचाल.

रिक्षा करायचीच असेल तर एक काळजी घ्या. नुसतं 'बेडेकर' म्हणू नका. नौपाड्यात विष्णूनगरला डॉ. बेडेकर विद्यामंदिर ही शाळा आहे, संस्था तीच, नाव तेच, आणि दिशा मात्र पूर्ण वेगळी. 'बेडेकर कॉलेज, चेंदणी' असं पूर्ण सांगायचं. किंवा बांदोडकर म्हणा, तिथं घोळ होत नाही.

चेंदणी कोळीवाडा घाईत पार करू नका पण. ठाण्याचा हा जुना कोळीवाडा, मधून रेल्वे गेली आणि एक भाग पूर्वेला राहिला, एक पश्चिमेला. नारळी पौर्णिमेला इथली मिरवणूक बघण्यासारखी असते. एरवी गल्ल्या अरुंद, घरं एकमेकांना चिकटलेली, माणसं दारातच बसलेली. तुम्ही रोज त्यांच्या दारावरून जाणार आहात, तेव्हा ग्रुपनं आरडाओरडा करत जाऊ नका एवढंच.

कॅम्पसच्या आत

विद्या प्रसारक मंडळ ही संस्था १९३५ ची आणि खाडीकाठच्या या कॅम्पसचं नाव ज्ञानद्वीप. बांदोडकर सायन्स आणि जोशी-बेडेकर आर्ट्स-कॉमर्स दोन्ही १९६९ ला सुरू झाली, आणि त्याच आवारात लॉ कॉलेज, पॉलिटेक्निक आणि मॅनेजमेंटची इन्स्टिट्यूट पण आहे. म्हणजे अकरावीचं पोरगं, डिप्लोमावाला, एलएलबी करणारा नोकरदार माणूस आणि टाय लावलेले एमबीएवाले सगळे एकाच गेटनं आत जाताना दिसतात. मला तरी या कॅम्पसची ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

गेटवर वॉचमन काकांना सरळ सांगा की नवीन ॲडमिशन आहे, कॉलेज बघायचंय. कागद दाखवा, रजिस्टरमध्ये नाव लिहायला सांगितलं तर लिहा. वाद घालू नका. आत गेलात की लगेच बिल्डिंगचे फोटो काढत सुटू नका, आधी ऑफिस गाठा, कारण खिडकीच्या वेळा ठरलेल्या असतात आणि जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद म्हणजे बंद.

ऑफिसात दोन-तीन गोष्टी त्याच दिवशी विचारून घ्या. आयडी कार्ड कधी मिळणार, फीचे हप्ते होतात का, स्कॉलरशिपचा फॉर्म कुणाकडं. आणि मेन म्हणजे रेल्वे कन्सेशन. हे नव्या लोकांना कुणीच नीट सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास थेट स्टेशनवर जाऊन मिळत नाही. आधी कॉलेजकडून कन्सेशनचा कागद घ्यावा लागतो, त्यावर तुमचं नाव, जन्मतारीख, घराजवळचं स्टेशन ते ठाणे असा मार्ग, महिन्याचा की तीन महिन्यांचा, फर्स्ट की सेकंड, हे सगळं भरून कॉलेजचा शिक्का आणि सही होते, मग तो कागद घेऊन तिकीट खिडकीवर पास काढायचा. नाव आधारवर आहे तसंच्या तसं हवं, नाहीतर खिडकीवरून परत पाठवतात. पत्ता पण साधारण आधारवरचाच बघतात, म्हणून घर एकीकडं आणि राहणार मामाकडं डोंबिवलीला असं असेल तर काय कागद लागतील ते आधीच विचारा. पास संपल्यावर नवा कागद घ्यायला जुन्या पासची माहिती लागते, तेव्हा जुना पास फेकू नका. पहिल्या आठवड्यात या खिडकीला मारुतीच्या शेपटाएवढी लाईन असते. तुम्ही आधीच येऊन सगळं विचारून गेलात तर ती लाईन एकदाच लावावी लागेल.

मग नोटीस बोर्ड. दहा मिनिटं उभं राहून वाचा, अगदी जुन्या पिवळ्या पडलेल्या नोटिसा पण. टाईमटेबल तर कळतंच, पण कॉलेजमध्ये खरंच काय चालतं तेही तिथंच कळतं. एनएसएस, एनसीसी, वाङ्मय मंडळ, युवा महोत्सवाच्या ऑडिशन, कुणाची हरवलेली कॅल्सी. पावसाळ्यात एकांकिकांच्या तालमी जोरात असतात, रिकाम्या वर्गातून एकच वाक्य पंधरा वेळा ऐकू आलं तर घाबरू नका, कुणाला वेड लागलेलं नाही. ठाण्यात नाटकाचं वेड आहे आणि कॉलेजच्या पोरांना ते जरा जास्तच आहे. स्टेजवर जायचं नसेल तरी बॅकस्टेजला माणसं कायम हवी असतात, नव्या मुलांना मित्र मिळायचा हा सगळ्यात सोपा रस्ता.

लायब्ररीचं दार, लेडीज रूम, पिण्याच्या पाण्याची जागा, कॅन्टीन हे बघून ठेवा. कॅन्टीनमध्ये चहा घ्या आणि शेजारच्या टेबलावरच्या कुणाला तरी 'दादा, कुठल्या इयरला?' असं विचारून बोलायला लागा. सेकंड हॅण्ड पुस्तकं, कुठले सर अटेंडन्सला कडक, कुठल्या क्लासला जाऊन पैसे वाया जातात, ही सगळी माहिती त्या टेबलावर असते, प्रॉस्पेक्टसमध्ये नसते. पालक सोबत असतील तर त्यांना पाच मिनिटं बाहेर बाकावर बसवा, त्यांच्यासमोर सीनियर खरं बोलणार नाहीत.

कॅम्पसला लागून खाडी आहे. खारफुटी, चिखल आणि ओहोटीच्या वेळी नाकात जाणारा तो टिपिकल वास, पहिले काही दिवस जाणवतो मग सवय होते. ठाणे खाडीतला फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. फ्लेमिंगो बघायला लोक ऐरोलीला जातात, तिथून वनविभागाची बोट असते, हिवाळा ते उन्हाळा हा सीझन. बॉटनी-झूलॉजीवाल्यांना मात्र दाराशीच खारफुटी म्हणजे लॉटरी आहे. फोटोसाठी चिखलात उतरू नका, पाय आत जातो आणि चप्पल तिथंच राहते.

कॅम्पस ते तलावपाळी

आता ज्या रस्त्यानं आलात त्यानं परत जाऊ नका, खारकर आळीकडून शहरात या. वाटेत मध्यवर्ती कारागृहाची भिंत लागते. हा मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ ला मराठ्यांनी जिंकला, १७७४ ला इंग्रजांकडं गेला आणि त्यांनी पुढं त्याचं जेल केलं. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याच्या वधाच्या खटल्यात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला इथंच फाशी दिलं. कान्हेरे तेव्हा १८ वर्षांचे होते, म्हणजे एफवायच्या वयाचे. आत जाता येत नाही आणि भिंतीजवळ मोबाईल काढून शूटिंग करायचं नाही, जेल चालू आहे.

खारकर आळीतच एनकेटी कॉलेज आहे, कॉमर्सवाले इथंही बरेच असतात. पुढं कोर्ट नाका, टेंभी नाका करत जांभळी नाक्याला या. इथला बाजार होलसेलचा, हॉस्टेल किंवा पीजीवर राहणार असाल तर बादली, चादर, डबे, सुतळी असलं सामान मॉलमध्ये घेण्याआधी इथं भाव विचारा. बाजारातच कोपिनेश्वर मंदिर आहे, मूळ शिलाहारकालीन आणि सध्याचं मंदिर १७६० च्या सुमाराचं, सुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधलेलं. शिवपिंड केवढी मोठी आहे ते आत जाऊनच बघा. श्रावणी सोमवारी मात्र लाईन बघून बाहेरूनच नमस्कार.

मंदिरासमोर मासुंदा तलाव, म्हणजेच तलावपाळी. आत्ता दुपारी नुसती बघून ठेवा, बसायला संध्याकाळी यायचंय. तसंही दुपारी तिथं ऊन सोडून काही नसतं.

खाणं

एव्हाना भूक लागलेली असणार. पहिल्यांदा आला असाल तर मामलेदार मिसळ. जुन्या मामलेदार कचेरीला लागून, जिल्हा परिषदेच्या जवळ, कुणालाही विचारा. इथं तिखट किती हवं ते विचारून देतात आणि इथंच नवी पोरं फसतात, मित्रांसमोर शायनिंग मारायला 'तिखट' सांगतात आणि दुसऱ्या घासाला कान लाल होऊन नाकाला रुमाल लावून बसतात. पहिल्यांदा मिडियम घ्या. मिडियम पण तोंड पोळतं, उगाच हलक्यात घेऊ नका. पाण्यानं तिखट उतरत नाही, वर पाणी पिऊन फक्त पोट भरतं, कोरडा पाव खा. टेबल स्वतःचं समजून बसायचं नाही, समोर अनोळखी माणूस येऊन बसणारच, खाऊन झालं की उठायचं.

मिसळ झेपत नसेल तर वडापाव. स्टेशनजवळ कुंजविहारचा जंबो, एकात पोट भरतं. नौपाड्यात गजाननचा, त्याच्यासोबतच्या पिवळ्या बेसनाच्या चटणीसाठी लोक मुद्दाम जातात. यात कुठला भारी यावर ठाण्यात घरटी मतभेद आहेत. माझं मत गजानन, पण ते चटणीमुळे, वड्यामुळे नाही. रोज मात्र बाहेर खाऊ नका, महिन्याचा हिशेब मांडला की कळतं, घरचा डबा आणि आठवड्यातून एखादा वडापाव हेच परवडतं.

दुपार: लायब्ररी आणि पीजी

जेवण झाल्यावर झोप येते तेव्हा ठाणे मराठी ग्रंथसंग्रहालयात जा, स्टेशनपासून जवळच आहे. १ जून १८९३ ला सुरू झालेली संस्था, विनायक लक्ष्मण भावे यांनी सुरू केलेली. आर्ट्सवाल्यांनी आणि एमपीएससीचा विचार असलेल्यांनी सभासद कसं व्हायचं ते काउंटरवर विचारून घ्याच. सायन्सवाल्यांनी पण गेलं तरी चालतं, कुणी हाकलत नाही.

पीजी किंवा रूम बघायची असेल तर ती याच दुपारी बघा, संध्याकाळी ब्रोकर तीच रूम लाईट लावून छान दाखवतात. नौपाडा, पाचपाखाडी महाग, तेच एक स्टेशन पुढं कळव्याला किंवा खारेगावला कमी पैशांत होतं आणि कॉलेज खाडीच्या अलीकडंच असल्यानं तिथून येणं-जाणं फार नाही. पाणी किती वाजता येतं, डिपॉझिट किती आणि परत कधी देणार, ब्रोकरेज किती, ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट होणार की नुसतं तोंडी, हे विचारल्याशिवाय एक रुपया पण टोकन देऊ नका. फोनवर फोटो पाठवून 'आजच बुक करा, उद्या जाईल' म्हणणाऱ्याला तर अजिबात नाही.

घोडबंदर साईडच्या कॉलेजांना किंवा बाळकुमच्या मुंबई विद्यापीठाच्या ठाणे उपकेंद्राला नंबर लागलेल्यांनी ही दुपार तिकडं घालवावी. चालत जायचं अंतर नाही, बस किंवा रिक्षाच, आणि घोडबंदरचं ट्रॅफिक धरून वेळ काढा. जाताना लागलेला वेळ येताना लागेलच असं नाही, बहुतेक वेळा जास्तच लागतो. दोन्हीकडचं एका दिवसात कोंबू नका.

संध्याकाळ

चार-साडेचारनंतर गोखले रोड, राम मारुती रोड. कपडे, मोबाईलचे कव्हर, चाट, सगळं तिथं. घ्यायचं काही नसेल तरी एक चक्कर मारा कारण ठाण्यातली कॉलेजची पोरं दिवाळीच्या पहाटे इथंच जमतात. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान करून नवे कपडे घालून राम मारुती रोड आणि तलावपाळीला नुसतं यायचं, भेटायचं, फोटो काढायचे, बँड ऐकायचा. शाळेतले हरवलेले सगळे त्या दिवशी सापडतात. पहिल्या वर्षी गावाला पळायच्या आधी ही एक पहाट ठाण्यात काढता आली तर काढा.

मग तलावपाळी. आता ऊन उतरलेलं असतं, बोटी फिरत असतात, काठानं चालायला आलेले आजी-आजोबा, भेळवाले, कुल्फी, आणि क्लास सुटलेली पोरं. बाजूलाच गडकरी रंगायतन. बाहेर लागलेले नाटकांचे बोर्ड वाचा, बाल्कनीचं तिकीट कितीला ते खिडकीवर बघून ठेवा, महिन्यातून एक नाटक पॉकेटमनीत बसतं का याचा अंदाज येईल. कट्ट्यावर बसायला कुणी पैसे घेत नाही.

परतीची ट्रेन

कल्याणच्या दिशेला जाणाऱ्यांनी एकतर साडेपाचच्या आत ठाणे सोडा, नाहीतर सरळ साडेआठपर्यंत तलावपाळीला बसा. मधल्या वेळेत मुंबईहून भरून आलेल्या फास्टमध्ये ठाण्याला चढणं हे नवशिक्यांचं काम नाही, आणि आईबाबा सोबत असतील तर मुळीच नाही. ठाण्याहूनच सुटणाऱ्या कर्जत, कसाऱ्याच्या काही गाड्या आहेत, थोड्याच आहेत पण त्यांना निदान उभं राहायला नीट जागा मिळते. एम-इंडिकेटर ॲपवर वेळ बघून त्या दिवशीच मोबाईलमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवा, वर्षभर कामाला येतो. वाशी-पनवेलवाल्यांचं बरं आहे, त्यांच्या गाड्या इथूनच सुटतात, एखादी सोडली की पुढच्या गाडीत बहुतेक वेळा बसायला मिळतं, फक्त त्या ९-१० नंबरच्या पुलासाठी पाच-दहा मिनिटं हातात ठेवून निघा.